होडीवरच्या कॉफीचा परीक्षक

सत्तरच्या दशकात, सुरतेत, मी चार महिने कॉफीचा परीक्षक होतो आणि त्या चार महिन्यांत मला कशाचीही चव लागत नव्हती. हे आधीच सांगून टाकतो. गोष्ट रंगवून सांगायची मला खोड आहे, आणि ही बाब शेवटपर्यंत दडवून ठेवून तुमच्यापुढे एकदम पडदा उघडायला मला फार आवडलं असतं. पण मग तुम्ही म्हणाल, आम्हाला फसवलं. फसवलं मी इतरांना. तुम्हाला नाही.

माझे वडील श्रावणात गेले. शिक्षक होते. शाळेतून आले, टोपी खुंटीला लावली, आईला म्हणाले, "जरा पडतो," आणि पडले ते उठलेच नाहीत. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा, एका सरकारी कचेरीत कारकून, एकुलता एक. सगळं मीच केलं. तारा पाठवल्या, माणसं गोळा केली, अश्विनीकुमारच्या स्मशानघाटावर जाऊन आलो. रडलो नाही. लोक म्हणाले, पोरगा धीराचा आहे. धीर वगैरे काही नव्हता. आत कापूस ठासून भरल्यासारखं झालं होतं. कुणी टाचणी टोचली असती तर मी वळून म्हणालो असतो, "टोचलीत का? बरं."

अस्थी घेऊन आम्ही नाशिकला गेलो. तिथे आत्याने एक जास्तीचं काम काढलं. गेलेल्या माणसासाठी आपल्या आवडीची एक वस्तू कायमची सोडायची. खरं तर हे काशीला करतात, पण आत्या म्हणाली, काशीला कोण जातंय, इथेच उरकून घ्या. ओंजळीत पाणी घेऊन वस्तूचं नाव घ्यायचं आणि पाणी सोडायचं. काकांनी शेपू सोडला. काकांना शेपूच्या नुसत्या वासाने उमासे येत. आत्याने सुरण सोडला. तो तिच्या घशाला जन्मभर खाजत आला होता. माझी पाळी आली. डोक्यात काहीही नव्हतं. समोर पायऱ्यांवर एक माणूस बशीत ओतून चहा पीत होता. मी म्हणालो, "चहा."

आत्या कुजबुजली, "अरे मेल्या, दोडका म्हण, दोडका!"

पण पाणी सुटून गेलं होतं.

चहा सुटल्याचं मला दुःख झालं असेल असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं, होईल. झालं नाही. घरी आलो, आईने आमटी-भात वाढला, पहिला घास घेतला आणि लक्षात आलं की तोंडात काहीतरी गरम आणि मऊ आहे, एवढंच कळतंय. चिंच नाही, गूळ नाही, फोडणी नाही. वासही असून नसल्यासारखा. दोन दिवसांनी लोणच्याची फोड खाल्ली. ती गार आणि कडक होती. डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तोंडात बॅटरी मारून पाहिलं आणि म्हणाले, "जीभ झकास आहे." मी त्यांचे आभार मानले.

आईला सांगितलं नाही. त्याला कारण होतं. बाबा गेल्यापासून ती फारशी बोलत नव्हती. खिडकीत बसायची. फक्त संध्याकाळी उठून स्वयंपाकाला लागायची, आणि साधासुधा नाही, चारी ठाव. भरली वांगी, अळूची भाजी, कोथिंबिरीच्या वड्या. मी पहिला घास घेतला की माझ्या तोंडाकडे बघत राहायची. मला वाटे, तिच्या हातात आता ही एवढीच गोष्ट उरली आहे, आणि मला चव लागत नाही हे तिला कळलं तर तीही जाईल. म्हणून मी नाटक करायचो. गणेशोत्सवात आमच्या मराठी मंडळाच्या नाटकांतून मी राजा झालो होतो, विदूषक झालो होतो, माणूस कमी पडला तेव्हा एकदा राणीही झालो होतो. मला जड काय होतं? डोळे मिटायचे, मान हलवायची, बोटं चाटायची, "आई, आज हात आहे की काय आहे!" म्हणायचं. रोजचा एक प्रयोग, प्रेक्षक एक. आत मात्र कापूस.

आता होडीकडे येतो.

आमचं तिघांचं रविवारचं मंडळ होतं. पहिले आमचे हेडक्लार्क. मूळचे मालवणकडचे, त्यामुळे समुद्राचं सगळं ज्ञान आपल्याकडे उपजत आहे असं ते धरून चालत. वल्हं त्यांनी हातात धरलेलं मी तोवर कधी पाहिलं नव्हतं. ते मधल्या फळीवर छत्री उघडून बसत आणि हुकूम सोडत. दुसरा माझा मित्र, धुळ्याकडचा, बमरोलीच्या बाजूला मागावर काम करणारा. दंड असे की होडी त्याला घाबरून चालत असावी. तो घरची अहिराणी बोलायचा, आमच्याशी मराठी, आणि चिडला की पुन्हा अहिराणी. तिसरा मी. नानपुऱ्याच्या ओवाऱ्यावरून, म्हणजे नदीत उतरणाऱ्या दगडी पायऱ्यांवरून, एका ओळखीच्या माछ्याची, म्हणजे कोळ्याची, होडी घ्यायची आणि तापीतून भरतीच्या जोरावर वर जायचं, ओहोटीबरोबर परत यायचं. कधी शनिवारी अर्ध्या दिवसाची कचेरी सुटली की निघून रेतीवर तंबू ठोकायचा. तंबू म्हणजे हेडक्लार्कांच्या घरची जुनी सतरंजी आणि चार काठ्या.

या सहलींत पूर्वी चहा असे. मी नाशिकहून आलो, तेव्हा प्रश्न उभा राहिला.

मी म्हणालो, "तुम्ही प्या चहा. मी पाणी पितो."

हेडक्लार्क छत्रीखालून उसळले. "म्हणजे पंक्तिप्रपंच करायचा? एका होडीत दोघांनी चहा प्यायचा आणि तिसऱ्याने तोंडाकडे बघत बसायचं? आमच्या घराण्यात असलं चालत नाही. आजपासून मंडळ कॉफीवर गेलं!"

मित्र म्हणाला, "साहेब, कॉफी माझ्या बापाने तरी प्यायली होती का?"

"मग तू प्यायला लाग. बापाच्या पुढे जा."

असं माझ्या एका ओंजळभर पाण्याने तीन माणसांचा चहा सुटला. बिया दळून, फडक्यातून गाळून करायची कॉफी होडीत शक्य नव्हती; गाळणं तर आमच्याकडून आधीच दोनदा तापीला अर्पण झालं होतं. म्हणजे डब्यातली पूड, पाण्यात टाकली की विरघळणारी. ती तेव्हा सुरतेत साहेबी वस्तू होती आणि कुठली चांगली हे कुणालाच माहीत नव्हतं. हेडक्लार्कांनी निर्णय दिला, "ज्याने चहा सोडला त्यानेच कॉफी निवडायची. जिभेचा प्रश्न आहे, जबाबदारीने कर."

मी तोंड उघडलं. सांगून टाकायची ती वेळ होती. पण हेडक्लार्कांच्या बायकोची आणि आईची दर गुरुवारी भजनात भेट होत असे. मी तोंड मिटलं.

नानपुऱ्यात एका म्हाताऱ्या पारशी गृहस्थांचं दुकान होतं. त्यांच्याकडे बिस्किटं, पाव आणि परदेशी वाटतील असे डबे असत. मी कॉफी मागितली तर चष्म्यावरून बघत म्हणाले, "अरे दिकरा, चाय शुं काम छोडी?" मी कारण सांगितलं. मग त्यांनी आतून औषधाच्या रिकाम्या बाटल्या आणल्या आणि दुकानात उघडे असलेले सगळे डबे पुढे घेऊन प्रत्येकातली थोडी थोडी पूड त्यांत भरून दिली. सात बाटल्या झाल्या. मी त्यांच्यावर चिठ्ठ्या चिकटवून आकडे घातले.

परीक्षा मी फार शास्त्रशुद्ध घेतली. हसू नका. पहिल्या तीन कसोट्यांना जीभ लागतच नव्हती. वाऱ्यावर वातीचा स्टोव्ह धड पेटत नाही, पाणी कोमटच राहतं. तर कोमट पाण्यात पूड विरघळते की गोळ्या होऊन तरंगते? चार नंबर तरंगला. तो बाद. दुसरी कसोटी दमटपणाची. बाटल्यांची बुचं उघडी टाकून त्या एक अख्खा रविवार होडीच्या फळीखाली ठेवल्या. संध्याकाळी तीन नंबरचा दगड झाला होता. मित्राने तो मागाच्या पान्याने फोडला तेव्हा त्याचा एक तुकडा हेडक्लार्कांच्या छत्रीला लागला. सहा नंबरचं डांबर झालं. तिसरी कसोटी दुधाविना चालण्याची. दूध उन्हात नासतं, दुधाच्या पावडरीचा डबा एकदा भिजला की त्याची लापशी होते. तर नुसत्या साखरेवर पिववते का? एक नंबर पिऊन मित्र म्हणाला, "हे तर माग धुतलेलं पाणी." बाद.

चवीचा भाग मी असा निभावला. आधी दोघांना घोट घेऊ द्यायचा. त्यांच्या भुवया बघायच्या. मग स्वतः घोट घ्यायचा, गालात फिरवायचा, लांब क्षितिजाकडे नजर लावायची आणि म्हणायचं, "हं. पाच नंबरला मागून एक करपट सूर येतो. पण तो मुद्दाम ठेवलेला आहे."

"अगदी माझ्या तोंडातलं बोललास!" हेडक्लार्क म्हणत. "मी तेच म्हणणार होतो. सूर!"

मित्र नुसता माझ्याकडे बघे आणि वल्ह्याला हात घाली.

उरल्या तीन बाटल्या: नंबर दोन, पाच आणि सात. हेडक्लार्कांनी जाहीर केलं की अंतिम निकाल वरच्या मुक्कामावर, तापीच्या गोड्या पाण्यात लागेल. शहरातल्या नळाच्या पाण्यात कॉफीची खरी परीक्षा होत नाही, असं त्यांचं मत होतं. मालवणच्या विहिरींचा दाखला त्यांनी दिला.

मार्गशीर्षातला शनिवार होता. कचेरी सुटल्यावर निघालो. पौर्णिमा जवळ आलेली, त्यामुळे भरती मोठी होती, आणि होडी वल्ह्यांशिवाय चालावी तशी वर सरकत होती. रांदेर गाव मागे पडलं. इथे तुम्हाला तापीची एक गोष्ट सांगायला हवी. समुद्राची भरती तेव्हा सुरतेच्या बरीच वरपर्यंत शिरायची, आणि भरतीबरोबर वर जाणाऱ्या माणसाच्या सोबतीने खारं पाणीही चालत असतं. ते कुठे मागे पडलं, हे डोळ्यांना कळत नाही. पाणी सगळीकडे तेच मातकट. म्हणून माछी लोक दर वळणाला बोट बुडवून जिभेला लावतात. खारं, मग मचूळ, मग गोड. गोड लागलं की भांडी भरून घ्यायची.

मी पुढच्या टोकाला बसलो होतो. मागून मित्र वल्हवत होता. हेडक्लार्क छत्रीखाली.

"परीक्षक," हेडक्लार्क म्हणाले, "बोट बुडवा."

मी बुडवलं. जिभेला लावलं. ओलं होतं. "खारं," मी म्हणालो. अजून वरच्या अंगाचं वरियाव गावसुद्धा आलं नव्हतं, तेवढं मलाही समजत होतं.

पुढच्या वळणाला पुन्हा. ओलं. "मचूळ," मी म्हणालो आणि शेवटचं अक्षर जरा लांबवलं, म्हणजे जाणकार वाटावं.

तिसऱ्या वळणाला काठावर म्हशी बसल्या होत्या, फक्त नाकं वर. त्यातली एक तोंड खाली घालून काहीतरी करत होती. मी मनाशी ठरवलं, ती पितेय. म्हैस पितेय म्हणजे गोड. बोट बुडवलं, डोळे मिटले, हात छातीवर ठेवला आणि आरोळी दिली, "गोड! अहो, गोड म्हणजे काय, उसाचा रस!"

हेडक्लार्कांना एवढा आनंद झाला की त्यांनी घरून आणलेल्या डब्यातलं पाणी तिथल्या तिथे ओतून दिलं. ओतून दिलं म्हणजे आधी पाय धुतले, मग उरलेलं ओतलं. मित्राने तोच पत्र्याचा डबा नदीत बुडवून काठोकाठ भरला.

संध्याकाळी रेतीच्या एका पट्ट्यावर सतरंजी ताणली. तीन कप, उरलेल्या तीन बाटल्या, साखर. स्टोव्ह पेटला. हेडक्लार्कांनी आसन मांडलं, कप दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, "सुरुवात सातपासून."

तिघांनी एकदम घोट घेतला.

हेडक्लार्कांच्या तोंडातून कॉफीचा फवारा थेट स्टोव्हवर गेला. स्टोव्ह विझला. मित्र बाजूला वळून थुंकला, पुन्हा थुंकला, मग जिभेला रेती लागल्यासारखी ती बाहीला पुसू लागला.

मी पीत होतो. त्या दोघांकडे बघायची माझी सवय, पण त्या दिवशी डोळे नदीवर लागले होते, आणि मी सावकाश, घोट घोट करत, अर्धा कप संपवला. मग नेहमीप्रमाणे म्हणालो, "सातमध्ये एक मऊपणा आहे."

वर पाहिलं तर दोघंही माझ्याकडे बघत होते.

"मऊपणा?" हेडक्लार्क ओरडले. "अरे लेका, तू आम्हाला समुद्र पाजलास! मिठागर पाजलंस! हा काय चेष्टेचा प्रकार आहे?"

मित्राने माझ्या हातातला कप घेतला, त्यातला एक थेंब जिभेला लावला, आणि कप रेतीत ओतून टाकला. मग हलक्या आवाजात, अहिराणीत म्हणाला, "भाऊ, तुले चव लागस नही का?"

मी हसून काहीतरी बोलणार होतो. दोन-तीन चांगली वाक्यं तयारही होती. ती आली नाहीत.

"नाही," मी म्हणालो.

आता पिण्याचं पाणी हवंच होतं. काठावर शेतं होती. हेडक्लार्कांना सामानाजवळ बसवून आम्ही दोघं डबा घेऊन विहीर शोधायला निघालो. परत येताना भरलेला डबा जड झाला, म्हणून मित्राने त्याच्या कडीतून वल्हं घातलं, एक टोक त्याच्या खांद्यावर, एक माझ्या. तो पुढे, मी मागे. त्यामुळे त्याचं तोंड मला दिसत नव्हतं आणि त्याला माझं.

"कधीपासून?" तो म्हणाला.

"वडील गेले तेव्हापासून. नाशिकहून आलो, तेव्हा कळलं."

"मायले माहीत शे?"

"नाही."

डबा मध्ये झोके घेत होता, पाणी सांडत होतं.

"मग ती रोज रांधते ते?"

"खातो. वा वा म्हणतो."

तो थांबला. मी वल्ह्यावर आपटता आपटता राहिलो. मागे न बघता तो म्हणाला, "मी रोज खानावळीत जेवतो. वरण पाण्यासारखं असलं की मी भांडतो. मालक शिव्या देतो, मी शिव्या देतो, मग दोघं हसतो. तू घरी बसून आईला टाळ्या वाजवतोस. ह्याच्यापेक्षा खानावळ बरी."

"तिला वाईट वाटेल रे."

"मग वाटू दे." तो पुन्हा चालू लागला. "सोमवारपर्यंत तू सांग. नाहीतर मी घरी येतो आणि मी सांगतो. मी माझ्या बोलीत सांगणार. मायला अर्धंच समजेल, आणि जे अर्धं समजेल ते वाईट असेल."

हेडक्लार्कांना आम्ही परतल्यावर सांगितलं. त्यांनी छत्री एकदा उघडली, पुन्हा मिटली. मग म्हणाले, "म्हणजे तो करपट सूर...?"

"नव्हता, साहेब. तुमच्या भुवया बघून बोललो."

"माझ्या भुवया," ते म्हणाले आणि कपाळाला हात लावला. "पण मला लागला होता रे. खरंच लागला होता." आणि विहिरीच्या पाण्याचा एक पेला त्यांनी स्वतः उठून मला दिला. नंतर त्यांनी विषय काढला नाही. दुसऱ्या दिवशी ओहोटीबरोबर परतताना त्यांनी वल्हंही हातात घेतलं. होडी दोनदा गोल फिरली.

रविवारी दिवेलागणीला घरी आलो. आईने पानं मांडली होती. त्या दिवशी भरली वांगी. मी बसलो, घास घेतला, आणि मान आपोआप हलायला लागली, डोळे आपोआप मिटायला लागले. ते मी मध्येच थांबवलं. थांबवणं अवघड गेलं, चालू गाडीतून उतरल्यासारखं.

"आई, मला चव लागत नाही."

"कमी पडलंय का काही?"

"नाही. मला कशाचीच लागत नाही. नाशिकहून आलो तेव्हापासून."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग पानाकडे. मग पुन्हा माझ्याकडे.

"परवाच्या पुरणपोळीला म्हणालास, जायफळ जरा पुढे आलंय पण काय बहार आहे, ते?"

"तू किसताना दिसलीस."

"आणि मेथीची भाजी? दोन वेळा मागून घेतलीस ती?"

"चांगली नव्हती का?"

"करपली होती!" आईचा आवाज चढला. चार महिन्यांत पहिल्यांदाच. "कढईला लागून काळी झाली होती. मी मुद्दाम काही बोलले नाही. म्हटलं, टाकून देईल, काहीतरी म्हणेल. तर तू मिटक्या मारत बसलास. मला वाटलं, हा माझी कीव करतोय. मग म्हटलं, नाही, वडलांच्या आठवणीने खात असेल, त्याला जेवणातच समाधान मिळतंय, तर करावं. म्हणून करत राहिले. माझ्याने स्टोव्हपाशी उभं राहवत नाही रे! फोडणीचा वास नको होतो. रोज चार वाजले की वाटतं, आता उठायचं, आता वांगी चिरायची."

चार महिने आम्ही दोघं एकमेकांसाठी जेवण चालवत होतो, आणि ते दोघांनाही नको होतं.

"मला वाटलं, तुला तेवढंच बरं वाटतं," मी म्हणालो.

"आणि मला वाटलं, तुला." तिने माझ्या पानातलं वांगं उचलून परत भांड्यात टाकलं. "उद्यापासून खिचडी. मऊ, बिनफोडणीची. नाहीतरी तुला कळणार नाही."

हे ती गमतीने म्हणाली की रागाने, ते मला समजलं नाही. बहुधा तिलाही नाही. मग ती म्हणाली, "आणि ते होडीवरचं? भजनात तुमच्या साहेबांच्या बायको सांगत होत्या, तू कसलासा परीक्षक झालायस म्हणून."

मी सगळं सांगितलं. सूर, भुवया, म्हैस, मिठागर, हेडक्लार्कांचा फवारा. सांगताना सवयीने हात फिरवले, आवाज काढले. ती पदर तोंडाला लावून ऐकत होती. तिचे खांदे हलत होते, आणि ते हसू होतं की रडू, हे मी पदराआड शोधत बसलो नाही.

"आणि अजून निवडायची आहे?"

"हो. दोन, पाच आणि सात. निकाल राहिला."

"आण त्या बाटल्या."

मी पिशवीतून बाटल्या काढल्या. तिने आधणाचं पाणी ठेवलं आणि स्टोव्हपासून लांब, खिडकीत जाऊन बसली. पाण्याला बुडबुडे आले, तेव्हा मी ते उतरवलं. तीन वाट्या घेतल्या, कप नाही. ती म्हणाली, वाटीत रंग दिसतो. आईने आजवर कॉफी घेतली असेल तर ती एकादशीला, भरपूर दूध घालून. तिने पहिली वाटी तोंडाला लावली आणि नाक मुरडलं.

"ही कुठली?"

"दोन."

"शी. ओल्या गोणपाटासारखी लागते. पावसात भिजलेलं गोणपाट सुकत घातलं की येतो ना वास, तसं. लिहून घे."

मी कागद-पेन्सिल घेतली.

दुसरी वाटी. तिने घोट जिभेवर धरला. "हिला खरंच करपट आहे मागून. तुमचे साहेब खोटं बोलत नव्हते. पण वाईट नाही. भाकरीचा पापुद्रा लागतो ना, खरपूस, तो. आधी कडू, मग जाता जाता... थांब." तिने आणखी एक घोट घेतला. "जाता जाता गोड नाही, पण कडूपणा संपल्यावर बरं वाटतं, तसं. ते काय म्हणतात मला माहीत नाही. तसंच लिही."

मी तसंच लिहिलं. मला काहीच वाटत नव्हतं. कापूस होता तिथेच होता, आणि पुढेही बरेच दिवस राहिला. चव कुठल्या दिवशी परत आली तेही मला सांगता येणार नाही. एकदा कधीतरी रस्त्यात काहीतरी खाताना ती असल्याचं लक्षात आलं, इतकंच. पण त्या संध्याकाळी तोंडावर काही आणायची गरज नव्हती, आणि मी आणलंही नाही. तिचं सांगून व्हायची वाट बघत पेन्सिल धरून बसलो.

तिसरी वाटी तिने संपवलीच नाही. "सात म्हणजे नुसतं गरम पाणी. ही निवडणारा माणूस आजारी असला पाहिजे," ती म्हणाली, आणि पाच नंबरची वाटी पुन्हा जवळ ओढली. "पाच घ्या. आणि तुमच्या साहेबांना सांग, उकळतं पाणी एकदम ओतू नका. आधी पूड चमचाभर गार पाण्यात कालवून घ्या, मग गरम घाला. कोमट असलं तरी गुठळी होणार नाही. हे लिहिलंस?"

"लिहितोय."

"मोठ्या अक्षरात लिही. होडी हलते."